मालगुजारी तलाव आणि त्यामागील रान : ग्रामस्थांनी करावयाची दुरुस्ती व राखण

पूर्व विदर्भातील धानाच्या मुलखात पाऊस थोडा पडतो असे कोणी म्हणणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारणतः १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस होतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो, आणि धानाला पाण्याची खरी निकड पुष्कळदा त्यानंतर, लोंबी बाहेर पडण्याच्या व दाणा भरण्याच्या वेळी भासते. त्या पंधरवड्यात एक पाणी मिळाले तर पीक घरात येते; न मिळाले तर नुसती तणस हाती लागते. ह्या एका पाण्याची तजवीज करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी गावोगाव तलाव व बोड्या बांधल्या. त्यांची संख्या आजही सुमारे सात हजार भरते. पुढे मालगुजारांच्या काळात ते मालगुजारांच्या मालकीचे झाले, म्हणून त्यांस मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ असे नाव पडले.

तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाजाचे कौशल्य विशेष नावाजलेले होते. गोंड राजांनी त्यास उत्तेजन दिले. जो रान तोडून तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी अशी पद्धत होती. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा प्रसिद्ध जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगतात. जागेची निवड पाहिली म्हणजे ह्या मंडळींच्या नजरेचे कौतुक वाटते. दोन टेकड्यांमधील अरुंद खिंड हेरावी, तेथे मातीची पाळ घालावी, वरच्या अंगाचे रान राखून ठेवावे आणि खालच्या अंगाच्या बांध्या पाटाने भिजवाव्यात, अशी ही योजना होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारच्या ताब्यात आले. मालगुजारांचा अंमल रयतेला गोड होता असे समजण्याचे कारण नाही. पाळीवर माती टाकण्यासाठी ते ज्या माणसांना बोलावीत, त्यांपैकी कित्येक वेठीने येत. ती पद्धत गेली हे योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. उन्हाळ्यात पाळ कोणी तपासावयाची, तुडुम कोणी उघडावयाचे, पाट कोणी साफ करावयाचा, हे जे गावात ठरलेले असे, ते विस्कळीत झाले. गावाच्या वाजिब-उल-अर्जात आणि निस्तार पत्रकात पाण्याचे व रानाचे हक्क लिहिलेले राहिले. कामे मात्र कोणाच्याच नावावर राहिली नाहीत. बहुसंख्य लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले, आणि दुरुस्ती म्हणजे अंदाजपत्रक मंजूर होण्याची वाट पाहणे असा समज रूढ झाला. मंजुरी येते तेव्हा एकदा मोठे काम होते; मधली दहा-पंधरा वर्षे तलाव तसाच पडून राहतो. आमच्या मते तलाव बिघडतात ते ह्या मधल्या वर्षांत, आणि गावच्या स्वयंसेवकांनी हाती घेण्याजोगे काम आहे तेही ह्याच वर्षांतील.

श्रमदान कोठे खर्चावे

तलावाची दुरुस्ती म्हटली की प्रथम गाळ आठवतो, आणि श्रमदानाचा नारळही बहुधा गाळावरच फुटतो. तेव्हा थोडा हिशेब मांडू. समजा, तलावाचे क्षेत्र १० हेक्टर आहे आणि त्यात सरासरी ३० सेंटिमीटर गाळ बसला आहे. तो ३०,००० घनमीटर होतो. धानाच्या एक हेक्टर बांधीला ७.५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यावयाचे तर ७५० घनमीटर पाणी लागते. म्हणजे त्या गाळाने सुमारे ४० हेक्टरांचे एक पाणी अडवून धरले आहे; पाटातील गळती व बाष्पीभवन वजा केले तरी तीसएक हेक्टरांचे नुकसान स्पष्ट दिसते. आता तोच गाळ हाताने काढावयाचा आणि एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर माती खणून भरली असे धरले, तर १५,००० मनुष्यदिवस लागतील. शंभर माणसांनी रोज यावे म्हटले तरी पाच महिने! उन्हाळा तेवढा नसतो, आणि माणसांना पोटाचा उद्योगही असतो.

ह्यावरून गाळाचे मुख्य काम यंत्राचे किंवा रोजगार हमीवरील मजुरीचे आहे हे उघड होते. शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. यंत्राने खणण्याची सोय योजनेतून व्हावी आणि शेतकऱ्याने गाळ आपल्या वाहनाने शेतात न्यावा, हे तिचे मूळ तत्त्व. अशी सोय उपलब्ध असता शे-दोनशे माणसांनी एक दिवस घमेली उचलून छायाचित्र काढून घेण्यात फारसे हशील नाही. श्रमदान तेथे खर्चावे, जेथे यंत्र शिरत नाही किंवा शिरले तर नुकसान करते. पाळीवरील बिळे, तुडुमाचे तोंड, काठावरील वनस्पती, येव्याचे नाले आणि मागचे रान ही ती ठिकाणे होत.

यंत्र चालू असताना मात्र गावातील दोन जाणती माणसे रोज हजर असावीत, कारण ह्याच वेळी कायमची खोडी होऊन बसते. जुन्या तलावाच्या तळाशी चिकणमातीचा दाबून बसलेला थर असतो, आणि तलावात पाणी टिकते ते त्याच्या आधारावर. काळा, भुसभुशीत गाळ संपून घट्ट पिवळसर माती किंवा मुरूम लागू लागला की हात आवरावा. अधिक खोल खणले तर तलाव मोठा होईल असे वाटते. प्रत्यक्षात थर फुटून पाणी जमिनीत उतरते आणि पूर्वी माघापर्यंत टिकणारा तलाव कार्तिकातच कोरडा पडण्याचा संभव असतो. शिवाय तुडुमाच्या सर्वांत खालच्या छिद्राखाली जे पाणी साठते ते पाटात येत नाही. गुरांना व माशांना त्याचा उपयोग आहे, म्हणून एखादा डोह अवश्य असावा. पण सिंचन वाढवावयाचे म्हणून सगळा तळ तुडुमाखाली नेणे व्यर्थ होय. पाळीच्या पायथ्याशी तर मुळीच खणू नये. तेथे किती रुंद पट्टा सोडावयाचा ते शाखा अभियंत्याकडून आखून घ्यावे आणि चुना टाकून खूण करावी. वाळू लागली तरी ती उपसून नेऊ देऊ नये. ह्या योजनेत वाळू काढण्यास मनाई आहे.

काढलेला गाळ शेतात नेताना मोहाने जाड थर टाकू नये. एक एकरावर दोन सेंटिमीटर जाडीचा थर पसरावयाचा तर सुमारे ८१ घनमीटर, म्हणजे २८ ते २९ ब्रास गाळ लागतो. हलक्या, मुरमाड जमिनीस तो विशेष मानवतो. भारी काळ्या जमिनीत, जेथे आधीच पाणी तुंबते, तेथे तो न टाकणेच इष्ट. न्यावयाच्या आधी गाळाचा नमुना माती परीक्षणासाठी द्यावा.

पाळ, तुडुम व सांडवा

मातीची पाळ बहुधा वरून वाहून जात नाही. आतून पोखरली जाते. खेकडे व उंदीर बिळे करतात, पावसात त्यांतून पाण्याची बारीक धार लागते, आणि धारेबरोबर माती येऊ लागली की खिंडार पडावयास वेळ लागत नाही. म्हणून वैशाखात पाळीच्या दोन्ही अंगांनी चालत जाऊन प्रत्येक बीळ पाहावे. वरच्यावर दगड ठोकून भागत नाही. बीळ संपेल तेथपर्यंत खणून, ओलसर चिकणमातीचे थर देऊन ते धुमसाने ठोकून भरावे. पाळीवर उगवलेली वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावीत. जुने झाड असेल तर मात्र ते तोडू नये. तोडलेल्या झाडाची मुळे आत कुजतात आणि मुळाच्या जागी पाण्याला पोकळी मिळते. पाळीचा उतार हरळी, वाळा ह्यांसारख्या गवतांनी झाकलेला असावा.

तुडुमाची छिद्रे, त्यांतील बुच्चे व तळची नळी पाऊस लागण्यापूर्वी साफ करून एकदा उघडझाप करून पाहावी. भर पुरात बुच्चा अडकला तर तो काढण्यास कोणी पाण्यात उतरू नये. सांडव्याविषयी सांगावयाचे ते एवढेच की, जास्त पाणी साठावे म्हणून त्याच्यावर मातीची पोती रचण्याची जी खोड कित्येक ठिकाणी आहे ती घातक आहे. सांडव्याची उंची पाळीच्या उंचीचा हिशेब करूनच ठेवलेली असते. पोत्यांमुळे वितीभर पाणी अधिक साठेल, पण एखाद्या रात्री मोठा पाऊस झाला म्हणजे पाळच फुटेल, आणि खालच्या बांध्यांतील रोवणी व गाळाने भरलेली शेते ह्यांची भरपाई कोण करणार?

काठावरील वनस्पती व मासे

अलीकडच्या दशकांत तलावांना गाळाइतकाच उपद्रव बेशरमाचा झाला आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. कुंपणाला बरी म्हणून ती लावली गेली, आणि विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत; त्यामुळे उथळ काठ व्यापत ती सुटली. तिची दाटी झाली की खालची पाणवनस्पती उजेडावाचून मरते आणि पालापाचोळा साचून तो भाग उथळ होत जातो. बेशरम कापून काही साधत नाही. खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी त्यास मुळे फुटतात. तळ कोरडा पडल्यावर, चैत्र-वैशाखात, ती मुळासकट उपटावी, काठापासून दूर उंचवट्यावर नेऊन पूर्ण वाळवावी आणि पावसाळ्यात फुटलेले कोंब पुन्हा उपटावेत. असे निदान तीन वर्षे केले तरच ती हटते. पहिल्या वर्षी शंभर माणसे येतात. तिसऱ्या वर्षी वीस आली तरी पुरे, पण ती आलीच पाहिजेत.

ह्या कामी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाने, विशेषतः त्यांतील स्त्रियांच्या गटांनी, जे करून दाखविले ते अभ्यासण्याजोगे आहे. मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. तलाव नापीक झाल्याची झळ त्यांना इतरांच्या आधी लागली. त्यांनी प्रथम कोणत्या तलावात कोणत्या पाणवनस्पती, कोणते मासे व कोणते पक्षी आहेत ह्याची पाहणी केली. नंतर बेशरम उपटली, कोरड्या तळाची मशागत केली आणि पाऊस झाल्यावर जवळच्या चांगल्या तलावांतून वनस्पती आणून लावल्या. त्यांत पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, सेरॅटोफायलम व व्हॅलिस्नेरिया आणि तरंगत्या पानांची कुमुदिनी ह्यांचा समावेश होता. तलावात धान लावतात तशी वनस्पतींची लावणी करावी, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. तिच्यामागचे कारण मात्र साधे आहे. रोहू, कटला व मृगळ हे मोठे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात. साठलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून त्यांचे बीज दरसाल विकत आणावे लागते. उलट मरळ, शिंगी ह्यांसारखे देशी मासे येथेच, काठच्या वनस्पतींच्या आडोशाने वाढतात. मरळ तर पाणवनस्पती बाजूला सारून घरट्यासारखी जागा करते आणि नर पिलांची राखण करतो. वनस्पती गेल्या की देशी मासा जातो, आणि बीज विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाच्या ताटातील मासाही जातो.

म्हणून दोन पथ्ये पाळावीत. वनस्पती खाणारा गवत्या मासा अशा तलावात सोडू नये. आणि काठाचा सगळा उतार यंत्राने उभा कापून टाकू नये; उथळ, मंद उताराची काठाची पट्टी निदान एका बाजूस शाबूत ठेवावी. देवधान वाढते ते ह्याच उथळ पट्टीत, आणि पाणपक्षीही तेथेच चरतात. महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलेला सारस पक्षी अशा तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या आधारानेच राहतो. दुसऱ्या तलावातून वनस्पती आणताना तिच्यात जलपर्णीचे एखादे रोप येत नाही ना, हे प्रत्येक जुडी धुऊन पाहावे.

मागचे रान

आता तलावाच्या वरच्या अंगास जाऊ. ज्या तलावामागील रान उजाड झाले आहे त्यातील गाळ काढणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. पाचोळ्याने व गवताने झाकलेल्या जमिनीवरून येणारे पाणी संथ व बरेचसे निवळ असते. उघड्या मुरमावरून येते ते माती घेऊन येते. येथे नवी झाडे लावण्याची घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ऐन, धावडा, तेंदू, पळस ह्यांची तोडलेली खुंटे जिवंत असतात. त्यांना कुऱ्हाड, गुरे व वणवा ह्यांपासून चार-पाच वर्षे राखले तर ती आपोआप फुटून वर येतात. खड्डे खणून आणलेल्या रोपांपेक्षा ही फूट जोमदार असते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. रोपे लावावयाचीच असतील तर येव्याच्या नाल्याकाठी जांभूळ, करंज व कहू, म्हणजेच अर्जुन, लावावीत.

वणव्याचा प्रश्न नाजूक आहे, कारण तो पुष्कळदा आपल्याच हातून लागतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, तेंदूला नवी पाने यावीत म्हणूनही आग लावतात. ती पसरते, कोवळी फूट जळते आणि मृगाच्या पहिल्या सरीला उघडी माती तलावात उतरते. नुसती बंदी घालून हे थांबणार नाही. ज्या कुटुंबाला मोहफुलांवर महिना काढावयाचा आहे त्याला सोय दिली पाहिजे. फुले पडू लागण्यापूर्वी तरुणांनी एक दिवस काढून मोहाखालचा पाचोळा झाडून वर्तुळे साफ करून द्यावीत, किंवा झाडाखाली जुनी लुगडी वा जाळी पसरावीत. फुले स्वच्छ मिळतात व भावही बरा येतो. फाल्गुनापूर्वी रानाच्या कडेने जाळरेषा काढावी आणि त्या दोन महिन्यांत पाळीपाळीने राखण ठेवावी.

रानात काम करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी पाहून घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनहक्क मिळू शकतात, आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात रान, जलस्रोत व पाणलोट राखण्याची जबाबदारी व अधिकार ग्रामसभेस दिले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे ते गाव स्वतःच्या नियमांनी रान राखीत होते, हे विसरता कामा नये. महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंद असलेल्या जमिनीविषयी विशेष सावध असावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनजमीन समजाव्यात असा निर्णय दिला आहे. म्हणून तेथे चर वा तळी खणण्यापूर्वी वन विभागाशी बोलून लेखी परवानगी घ्यावी.

पाणी सोडण्याचा तंटा

सर्वांत कठीण काम माती-दगडांचे नाही. आश्विनात धान करपू लागले की शेतकऱ्यास तुडुम पूर्ण उघडून हवे असते. तलावात मासळी असलेल्या ढिवर संस्थेस पाणी उन्हाळ्यापर्यंत हवे असते. आणि तळ लवकर कोरडा व्हावा अशी तिसऱ्या एखाद्याची इच्छा असते, कारण त्याने तलावाच्या पोटात शेती धरलेली असते. ह्या तिघांना एकत्र बसविल्यावाचून पहिली कुदळ मारू नये. अतिक्रमणाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्यावी. गावकऱ्यांनी आपसांत दोरी धरून ती केल्यास भांडणेच होतात. धानासाठी पाणी कोणत्या खुणेपर्यंत सोडावयाचे आणि त्याखाली माशांसाठी व गुरांसाठी किती राखावयाचे, हे पाऊस पडण्यापूर्वी, कोणाचेही पीक करपत नसताना, ग्रामसभेत ठरवून इतिवृत्तात लिहावे. ज्यांची शेती नाही व जाळेही नाही अशा कुटुंबांची गुरे त्याच तलावावर येतात. त्यांच्यातील, विशेषतः स्त्रियांपैकी, कोणी बैठकीत बोलले आहे ना, हे अध्यक्षांनी पाहावे.

ठरलेली खूण सर्वांस दिसावी म्हणून तुडुमाजवळ दगडी किंवा सिमेंटचा खांब रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाने रेघ ओढावी. माशांसाठी राखलेल्या पाण्याची रेघ लाल असावी. शाळेतील मुलांकडे दर सोमवारी त्या खांबावरील आकडा वाचून वहीत लिहिण्याचे काम द्यावे. त्याच वहीत पाऊस किती झाला, तुडुम कोणत्या दिवशी उघडले, पाळीला कोठे ओल दिसली आणि बेशरम पुन्हा कोठे उगवली, ह्याची नोंद करावी. पहिल्या पावसानंतर येव्याच्या नाल्यातील पाणी काचेच्या बाटलीत भरून एक रात्र स्थिर ठेवावे व तळाशी किती बोटे माती बसली ते त्या तारखेसमोर लिहावे. दरसाल त्याच जागी आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर पाणी घेतले तर मागचे रान सुधारत आहे की नाही, ह्याचा अंदाज त्या आकड्यांवरून येऊ लागतो. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता पाहणाऱ्यास सहज मिळेल अशा जागी टांगावी.